स्कॉटिश वकिलाच्या कारकुनाचे दप्तर : पेटी उघडण्यापासून यादी करण्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकात एडिनबरातल्या वकिलाच्या कचेरीत जन्मभर लेखणी चालवलेल्या कारकुनाचे कागद हाती पडले, की नवख्याला वाटते अडचण अक्षराची येणार. अक्षर बहुधा सुरेखच असते. त्याच्यावरच तर त्याचे पोट होते. अडचण वेगळीच आहे. पेटीतला जवळजवळ प्रत्येक कागद त्याच्या हातचा असतो, पण त्यात बोलणारा दुसराच कुणी असतो. खतात जमीनदार बोलतो, दाव्यात वादी बोलतो, पत्राखाली सही मालकाची असते. कारकुनाचे स्वतःचे म्हणावे असे काय, तर घरभाड्याच्या काही पावत्या, एखादी खिशातली वही, गावाकडून आलेली दोन-चार पत्रे. म्हणून कागदात काय लिहिले आहे हे पाहण्याआधी तो कुणाच्या वतीने लिहिला गेला, हे विचारावे लागते. पुढची सगळी रीत या एका प्रश्नाभोवती आहे.

स्कॉटलंडमध्ये शिकणारे, तिथल्या अभिलेखागारात स्वयंसेवक म्हणून बसणारे किंवा घरबसल्या ऑनलाइन शोध घेणारे मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. एक गोष्ट आधीच लक्षात असू द्या. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या, पण स्कॉटलंडचा कायदा आणि न्यायालये वेगळीच राहिली. इंग्लंडमधले जुने दस्त वाचायची सवय असेल तर ती इथे अर्धीच कामाला येते, आणि उरलेली अर्धी दिशाभूल करते.

कारकून कोणत्या पायरीवरचा?

स्कॉटिश कागदांत ‘रायटर’ म्हणजे वकील. एडिनबरातल्या वरच्या फळीतले वकील ‘रायटर टू द सिग्नेट’, म्हणजे नावापुढे डब्ल्यू.एस. लावणारे. त्यांच्या जोडीला ‘सॉलिसिटर इन द सुप्रीम कोर्ट्स’, एस.एस.सी. ग्लासगोत हाच धंदा करणारे ‘प्रोक्युरेटर’. ॲबरडीनची तऱ्हा न्यारी : तिथले साधे वकीलही स्वतःला ‘ॲडव्होकेट’ म्हणवतात, आणि एडिनबरात मात्र ॲडव्होकेट म्हणजे वरच्या न्यायालयात उभा राहून बाजू मांडणारा. तेव्हा नावापुढची पदवी गावासकट टिपून ठेवा, नुसती पदवी टिपून उपयोग नाही.

या वकिलांच्या हाताखाली उतरंड असे. करारावर आलेला उमेदवार, नकला करणारा, खताची पक्की प्रत उतरवणारा, रोकड सांभाळणारा, आणि सगळ्यांवर देखरेख ठेवणारा मुख्य कारकून. उमेदवार पुढे वकील होण्याच्या वाटेवर असतो. नकलनवीस बहुधा तिथेच म्हातारा होतो. दोघांच्या कागदांत फरक पडतो. उमेदवाराच्या पेटीत कायद्याच्या व्याख्यानांच्या वह्या आणि करारपत्र सापडेल, नकलनवीसाच्या पेटीत हिशेब.

आणि ‘क्लार्क’ या पदाला वरचे टोकही आहे. वॉल्टर स्कॉट १७८६ मध्ये वडिलांच्या कचेरीत पाच वर्षांच्या करारावर उमेदवार म्हणून लागला. नकलेचे पैसे पानावर मिळत, आणि एकदा खाण्या-विश्रांतीला न थांबता एकशे वीसहून जास्त फोलिओ पाने उतरवल्याचे त्याने पुढे आठवणींत सांगितले आहे. हाच स्कॉट १८०६ मध्ये ‘प्रिन्सिपल क्लार्क ऑफ सेशन’ झाला आणि १८३० पर्यंत त्या जागेवर राहिला. ‘कोर्ट ऑफ सेशन’ या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातली ही मानाची, भरपूर पगाराची जागा; नकला करणाऱ्याशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या पेटीवर नुसते ‘क्लार्क’ लिहिलेले असेल तर तो न्यायालयाचा की खाजगी कचेरीचा, याचा निकाल आधी लावा. न्यायालयाच्या अधिकाऱ्याचे सरकारी कामकाज न्यायालयाच्या दप्तरात गेलेले असते, आणि घरी उरते ते बहुतांशी खाजगी. कचेरीतल्या कारकुनाचे नेमके उलटे.

गाठ सोडण्याआधी

वकिली कागद लांबट घडी घालून, पाठीवर नोंद करून, फितीने बांधलेले असतात. पाठीवरच्या त्या नोंदीत तारीख, पक्षकारांची नावे आणि कागदाचा प्रकार असतो. घडी उघडण्याआधी ती नोंद वाचा आणि गठ्ठ्याचा तसाच फोटो घ्या. मग वरून खाली एकेका कागदाला मऊ शिसपेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक द्या. शाई नको, चिकट चिठ्ठ्या नकोत.

क्रम बदलायचा नाही. मोह होतो, कारण गठ्ठ्यात १८५२ चे पत्र १८३१ च्या खताखाली सापडते आणि हात तारखेप्रमाणे लावायला शिवशिवतात. पण ते खत १८५२ मध्ये कुणाला तरी दाखवण्यासाठी काढले होते म्हणूनच ते पत्र तिथे आहे. शेजार मोडला की कारणही गेले. तारखेप्रमाणे क्रम हवा असेल तर तो संगणकावरच्या तक्त्यात लावा.

जुनी शाई लोह आणि मायफळाची. ती काळाने तपकिरी होते आणि दाट रेघांच्या जागी कागद खाते. अशी पाने फार उलटसुलट करू नका. चिकटपट्टी, लॅमिनेशन, इस्त्री यांतले काहीही नको. टाचण्या गंजलेल्या असतील तर ओढून काढण्याऐवजी जाणकाराकडे सोपवा. पांढरे हातमोजे चित्रपटांत शोभतात. कागदासाठी धुतलेले कोरडे हात बरे, कारण मोज्यांत बोटांना कड कळत नाही आणि पान फाटते.

तीन याद्या

कागद न हलवता तक्त्यात प्रत्येकापुढे एक खूण करा : कचेरीचा, अशिलाचा, की त्याचा स्वतःचा. अशिलाचे कागद म्हणजे खते, गहाणखते, वाटणीचे कागद, मृत्युपत्रे. हे कचेरीत ठेवायला दिलेले असत आणि कधी परत गेलेच नाहीत. कचेरीचे म्हणजे पत्रांच्या नकलांची वही, रोजकीर्द, बिले, मसुदे, आणि कागद कुणी नेले-आणले याच्या पावत्या. न्यायालयातले खटल्याचे कागद वकिलाचा कारकून सही करून तात्पुरते बाहेर नेई आणि परत करी, त्यामुळे असल्या पावत्यांवर त्याची सही हमखास सापडते.

त्याचे स्वतःचे काय, हे ठरवताना पत्त्याकडे पाहा. कचेरीच्या पत्त्यावर पण त्याच्या नावाने आलेले पत्र खाजगी असू शकते. घरच्या पत्त्यावर आलेले पत्र मात्र कधीकधी कामाचेच निघते, कारण मुख्य कारकुनाला अशील थेट गाठत. कचेरीत वाया गेलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर घरखर्च मांडलेला दिसला तर दोन्ही बाजूंची स्वतंत्र नोंद करा.

शंका असेल तिथे ‘अनिश्चित’ असा चौथा रकाना ठेवा. तो रकाना मोठा झाला तरी चालेल. घाईने लावलेली खूण नंतर कुणी तपासत नाही.

खत शेवटाकडून वाचा

या विषयात मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट ही, आणि स्कॉटलंडच्या बाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नसते. स्कॉटिश खताच्या अखेरीस एक परिच्छेद असतो, ‘टेस्टिंग क्लॉज’. दस्त कोणत्या कागदावर, किती पानांवर आहे, सही कुठे आणि कोणत्या तारखेला झाली, साक्षीदार कोण, हे त्यात येते. आणि त्याबरोबरच येते ते दस्त कुणाच्या हातचा आहे हे. इथे लिहिणारा म्हणजे मजकूर रचणारा वकील नव्हे. प्रत्यक्ष लेखणी धरणारा. १५९३ च्या कायद्याने त्याचे नाव आणि ओळख दस्तात घालणे सक्तीचे झाले, आणि १६८१ च्या कायद्याने साक्षीदारांच्या नावा-ओळखीचेही तसेच झाले. लिहिणाऱ्याचे नाव घालण्याची सक्ती १८७४ च्या कन्व्हेयन्सिंग कायद्याने उठली.

याचा अर्थ असा, की शतकाची पहिली पाऊणशे वर्षे ज्याला इतिहासात कुठे जागा नाही अशा माणसाचे नाव, तो कुणाच्या कचेरीत होता या माहितीसह, प्रत्येक औपचारिक खताच्या शेवटी उभे आहे. मजकूर साधारण असा : ‘हा दस्त या आणि मागील अमुक पानांवर, अमुक रायटर टू द सिग्नेट यांचा कारकून तमुक याने लिहिला असून, एडिनबरा येथे अमुक तारखेला, या साक्षीदारांसमक्ष मी सही केला आहे.’ साक्षीदारही बरेचदा ‘दोघेही सदर वकिलाचे कारकून’ असेच निघतात. कचेरीत सही झाली की शेजारच्या मेजावरची माणसे हाताशी असत.

मग करायचे काय? सहा रकान्यांचा तक्ता करा : तारीख, सहीचे ठिकाण, लिहिणारा, त्याचा मालक, पहिला साक्षीदार, दुसरा साक्षीदार. पेटीतल्या प्रत्येक खताचा शेवट त्यात भरा. पंधरा-वीस खते झाली की कचेरीचा पट उभा राहू लागतो : कोण कधी आला, उमेदवार म्हणून साक्षीला असलेला पुढे ‘रायटर’ म्हणून कधी दिसू लागला, कोण एकाएकी दिसेनासा झाला. सहीच्या ठिकाणाकडेही लक्ष द्या. सही एखाद्या गावाकडच्या वाड्यात झाली असेल आणि साक्षीला तिथला खानसामा नि माळी असतील, तर कागद बहुधा टपालाने किंवा माणसाबरोबर गेला होता. तिथेच साक्षीदार म्हणून तुमच्या कारकुनाचे नाव असेल तर त्या दिवशी तो प्रवासात होता, हे तुम्हाला डायरीशिवाय कळले. १८६८ पर्यंत स्त्री साक्षीदार चालत नसे, त्यामुळे त्याआधीच्या खतांवर घरच्या बायकांची नावे साक्षीला शोधू नका.

दोन फसव्या जागा आहेत. पहिली : टेस्टिंग क्लॉजसाठी जागा कोरी ठेवून तो सह्या झाल्यावर भरण्याची पद्धत होती. त्यामुळे त्या परिच्छेदाचे अक्षर किंवा शाई वरच्या मजकुराहून वेगळी असेल तर त्यात संशयास्पद काही नाही. पण ‘हे अमक्याचे अक्षर’ म्हणून नमुना घेताना तो वरच्या मजकुरातून घ्या, खालच्या परिच्छेदातून नव्हे. दुसरी : खत ‘बुक्स ऑफ काउन्सिल अँड सेशन’ या खतांच्या नोंदणी-रजिस्टरात नोंदवले की मूळ दस्त तिथेच राही आणि पक्षकाराला अधिकृत नक्कल मिळे. नक्कलेत टेस्टिंग क्लॉज जसाच्या तसा उतरवलेला असतो, पण समोरचे अक्षर नोंदणी कार्यालयातल्या तिसऱ्याच माणसाचे. पानापानावर पक्षकाराच्या सह्या नसतील तर हातात नक्कल आहे असे धरून चाला.

बिले, पैसा आणि मे-नोव्हेंबर

सगळे आधी पत्रांवर तुटून पडतात. माझे मत असे की आधी बिले वाचावीत. स्कॉटिश वकिलाचे ‘अकाउंट ऑफ एक्स्पेन्सेस’ म्हणजे कामाची तारीखवार डायरीच : अमक्या दिवशी भेट, मसुदा इतक्या पानांचा, त्याची साफ नक्कल, पत्र, टपालखर्च, न्यायालयातल्या कारकुनाला दिलेली फी. पत्र हरवले तरी ते लिहिल्याची नोंद बिलात राहते. खटला जिंकणाऱ्याला खर्च मंजूर झाला की बिल ‘ऑडिटर ऑफ द कोर्ट ऑफ सेशन’ या अधिकाऱ्याकडे तपासणीला जाई आणि तो रकमा छाटे. छाटलेल्या रकमा पाहिल्या की न्यायालयाला कोणते काम फाजील वाटले तेही दिसते. ‘साफ नक्कल’ या नोंदी टेस्टिंग क्लॉजच्या तक्त्याशेजारी ठेवा; पैसे कचेरीला मिळाले, बोटे कुणाची झिजली ते कळेल.

हिशेब पौंड, शिलिंग, पेन्स असा : १ पौंडाचे २० शिलिंग, १ शिलिंगाचे १२ पेन्स. पण जुन्या जमिनींचा वार्षिक खंड एकोणिसाव्या शतकातही ‘स्कॉट्स’ पौंडांत मांडलेला आढळतो. ते चलन १७०७ मध्येच संपले होते. १२ स्कॉट्स पौंड म्हणजे १ स्टर्लिंग पौंड, म्हणजेच १ स्कॉट्स पौंड म्हणजे १ शिलिंग ८ पेन्स. ‘मर्क’ आला तर तो १३ शिलिंग ४ पेन्स, तोही स्कॉट्सच. ‘स्कॉट्स’ हा शब्द नजरेतून सुटला तर बारापट चूक होते.

कागद मे आणि नोव्हेंबरात दाटतात. १५ मे हा व्हिटसंडे आणि ११ नोव्हेंबर हा मार्टिनमस, या दोन मुदतींना भाडे, व्याज, खंड, पगार चुकते होत. मधल्या दोन मुदती २ फेब्रुवारीची कँडलमस आणि १ ऑगस्टची लॅमस. चर्चचा व्हिटसंडे दरवर्षी हलतो, कायद्यातला हलत नाही. १८८६ च्या कायद्यानंतर घर रिकामे करण्या-घेण्यासाठी २८ मे आणि २८ नोव्हेंबर ठरले. कारकुनाने ‘या मुदतीला घर सोडतो’ असे लिहिले असेल तर त्याला महिना जोडता यायला हवा.

अक्षर आणि नकलांची वही

मोडी वाचणाऱ्याला जे ठाऊक असते तेच इथेही : शब्द सुटा वाचायचा नाही, ठरलेल्या वाक्याच्या ओघात वाचायचा. दहा खते वाचली की अकराव्यातला निम्मा मजकूर आधीच पाठ असतो, आणि डोळ्यांनी शोधायची ती फक्त नावे, तारखा आणि रकमा. अडलेले नाव त्याच दस्तात दुसरीकडे बहुधा स्पष्ट सापडते, कारण खतात नावे पुन्हा पुन्हा येतात.

नावे आखडून लिहायची रीत होती : सुरुवातीची दोन-तीन अक्षरे आणि शेवटचे अक्षर वर बारीक. जेम्स, विल्यम, अलेक्झांडर, रॉबर्ट, थॉमस ही नावे पूर्ण क्वचितच भेटतात. शतकाच्या पूर्वार्धात जोड ‘एस’मधला पहिला ‘एस’ लांब, ‘एफ’सारखा दिसणारा असतो. पत्रांत ‘इन्स्टंट’, ‘अल्टिमो’, ‘प्रॉक्सिमो’ यांची आखडलेली रूपे येतात : चालू महिना, मागचा महिना, पुढचा महिना. पत्राच्या वरच्या तारखेशी जुळवून खरी तारीख तिथल्या तिथे तक्त्यात लिहा, नंतरसाठी ठेवू नका.

शब्दांतही खड्डे आहेत. ‘फॅक्टरी’ म्हटले की गिरणी डोळ्यांपुढे येते; इथे ते मुखत्यारपत्र, आणि ‘फॅक्टर’ म्हणजे इस्टेटीचा कारभारी. ‘टॅक’ हा भाडेपट्टा, ‘रूप’ हा लिलाव, ‘रेलिक्ट’ ही विधवा, ‘कॉशनर’ हा जामीन. ‘इंटरलोक्युटर’ म्हणजे न्यायालयाचा आदेश. ‘मेमोरियल’ म्हणजे ॲडव्होकेटचे मत घेण्यासाठी पाठवलेले प्रकरणाचे टिपण. त्याच्या शेवटी विचारलेले प्रश्न आणि समोर त्यांची उत्तरे असतील तर आधी तेच वाचा, अख्खे प्रकरण तिथे थोडक्यात मिळते.

नकलांच्या वहीचे तंत्र समजून घेतल्याशिवाय ती उघडू नका. ग्रीनॉकमध्ये जन्मलेल्या जेम्स वॉटने १७८० मध्ये नक्कल करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ताज्या शाईचे पत्र ओलसर, झिरझिरीत कागदाला लावून दाबयंत्रात दाबायचे. शाई उलटी उमटते, पण कागद इतका पातळ की दुसऱ्या बाजूने ती सुलटी वाचता येते. पुढे अशा पातळ पानांच्या बांधीव वह्या कचेऱ्यांमधून सर्रास वापरात आल्या. फोटो काढताना पानाखाली पांढरा कागद सरकवा, नाहीतर मागच्या पानांची अक्षरे एकमेकांत मिसळतात. अक्षर फिकट असेल तर फोटोतला काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवून पाहा. पान उन्हात धरू नका. वहीला नावांची सूची असेल तर कामाला सुरुवात तिथून. या वहीत गेलेली पत्रे आणि गठ्ठ्यात आलेली पत्रे जुळवली की संभाषण पुरे होते. पत्रे मालकाच्या सहीची असली तरी अक्षर ओळखता आले, तर ती उतरवणारा हात कुठल्या महिन्यात बदलला हे दिसते, आणि आजारपण, बढती किंवा नोकरी सुटणे त्यातून सुचते. सुचते एवढेच, पक्के करायला दुसरा पुरावा लागेल.

तारीख नसलेले कागद

कागद उजेडासमोर धरा. १७९० च्या दशकापासून ब्रिटिश कागदात जलचिन्हासोबत वर्ष घालण्याची पद्धत रुळली. मजकूर त्या वर्षाआधीचा असू शकत नाही, नंतरचा कितीही असू शकतो. पत्राला पाकीट नसून कागदच दुमडून लाखेने बंद केला असेल, तर ते बहुधा १८४० पूर्वीचे. त्याआधी टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि पैसे बहुतेकदा घेणारा देई, त्यामुळे वेगळे पाकीट म्हणजे जादा कागदाचा खर्च. १० जानेवारी १८४० पासून देशभर एक पेनीचा दर झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिकीट आले. १८१३ ते १८३९ या काळातल्या स्कॉटिश पत्रांवर अर्ध्या पेनीचा वेगळा शिक्का दिसला तर तो डाकगाड्यांवरच्या जादा आकाराचा.

माणूस शोधणे

आता पेटीबाहेर पडा. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर जनगणना, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, जुनी चर्च रजिस्टरे आणि मृत्युपत्रे आहेत; बरीच चित्रे पैसे भरून पाहावी लागतात, म्हणून आधी तक्ता तयार ठेवा. नागरी नोंदणी १८५५ मध्ये सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, असतात. सुरुवात तिथून करून मागे जाणे सोपे पडते. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, तेव्हा २५ लिहिलेला माणूस २९ चाही असेल. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव मिळते. चर्चच्या रजिस्टरात मुलाचा बाप्तिस्मा सापडला नाही तर १८४३ ची फूट आठवा : त्या वर्षी मोठा गट चर्च ऑफ स्कॉटलंडमधून बाहेर पडला आणि त्याच्या नोंदी वेगळ्या झाल्या.

पत्त्यांसाठी पोस्ट ऑफिस डिरेक्टरी. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने १७७३ ते १९११ मधल्या शेकडो डिरेक्टऱ्या ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. वकील त्यांत नेमाने असतात, कारकून असेलच असे नाही. मालकाचा पत्ता मिळाला तरी कचेरी कुठे होती ते कळते. मग त्याच ग्रंथालयाच्या नकाशा-स्थळावर १८४९-५३ च्या सर्वेक्षणाचा एडिनबराचा मोठा नकाशा उघडा. १:१०५६ या प्रमाणामुळे इमारत न् इमारत दिसते, आणि घर ते कचेरी हा रोजचा रस्ता बोटाने काढता येतो.

जमिनीच्या ‘सासीन’ रजिस्टरात कारकुनाला शोधत बसू नका. तो बहुधा भाडेकरू होता आणि ते रजिस्टर मालकी हक्कांचे. त्याच्यासाठी १८५५ पासूनची व्हॅल्युएशन रोल पाहा, तिच्यात मालक, भाडेकरू आणि वार्षिक भाडे येते. अशिलांच्या जमिनींसाठी मात्र सासीन हवेच. त्याचे छापील सारांश १७८१ पासूनचे आहेत. आणि एक नियम विसरू नका : १८६८ पर्यंत घर-जमीन साध्या मृत्युपत्राने देता येत नव्हती. अशिलाच्या मृत्युपत्रात वाड्याचा उल्लेख नाही म्हणून तो विकला असे समजू नका. ‘ट्रस्ट डिस्पोझिशन अँड सेटलमेंट’ (मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवणारा दस्त) किंवा वारसाच्या नोंदी शोधा. मृताच्या मालमत्तेच्या व्यवस्थेला न्यायालयाने दिलेल्या मंजुऱ्यांची छापील वार्षिक सूची १८७६ पासून मिळते, आणि बचत करून गेलेला कारकून तिच्यात भेटू शकतो.

मूळ कागदांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला रॉबर्ट ॲडमने आखलेल्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड आहे. त्याच्या सूचीत ‘जी.डी.’ ही खूण खाजगी घराण्यांनी आणि कचेऱ्यांनी दिलेल्या दप्तरांची, ‘सी.एस.’ कोर्ट ऑफ सेशनची, ‘आर.डी.’ खतांच्या नोंदणीची, ‘एस.सी.’ शेरीफ न्यायालयांची, म्हणजे स्थानिक न्यायालयांची. कारकुनाचे नाव टाकून काही मिळाले नाही तर मालकाच्या कचेरीचे नाव टाका. नॅशनल लायब्ररीचा हस्तलिखित विभाग, एडिनबरा विद्यापीठातला डेव्हिड लेंगचा संग्रह (हा लेंग चार दशके सिग्नेट लायब्ररीचा ग्रंथपाल होता) आणि ग्लासगोसाठी मिचेल लायब्ररीतले नगर अभिलेखागार, या पुढच्या जागा. जाण्याच्या आठवडाभर आधी कागद मागवून ठेवा. सगळे साठे त्याच इमारतीत नसतात.

मुंबईला जाणारा धागा

अशा पेट्यांत मुंबईचे नाव भेटणे नवलाचे नाही. कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसे पुष्कळ होती, आणि परदेशात वारलेल्याची स्कॉटलंडमधली जंगम मालमत्ता निकालात काढायचा अधिकार एडिनबराच्या कमिसरी न्यायालयाला होता; १८३६ नंतर हे काम तिथल्या शेरीफ न्यायालयाकडे गेले. म्हणून मुंबईतल्या मृत्युपत्राची नक्कल, पेढीचा रुपयांतला हिशेब आणि हुंड्या एडिनबराच्या कारकुनाच्या मेजावर येत. १८३५ पूर्वीच्या हिशेबात कोणता रुपया आहे ते पाहा. बंगालचा सिक्का रुपया आणि मुंबईचा रुपया एका किमतीचे नव्हते, एकच नाणे त्या वर्षीच्या कायद्याने आले. एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती सापडल्या तर कारकुनाचा गोंधळ समजू नका. जहाज बुडण्याच्या भीतीने त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत.

या धाग्याचे दुसरे टोक दोन ठिकाणी शोधता येते : लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरे, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्राचे पुराभिलेखागार. मुंबईत १७९८ पासून रेकॉर्डर्स कोर्ट आणि १८२४ पासून सुप्रीम कोर्ट होते, तेव्हा मृत्यूच्या वर्षाप्रमाणे न्यायालयाचे नाव बदलून शोधा.

उतरवणे, यादी, प्रसिद्धी

सगळे उतरवून काढायचा नाद धरू नका. खतांचा ठरलेला मजकूर वगळून नावे, मालमत्ता, रक्कम, तारीख आणि टेस्टिंग क्लॉज एवढे टिपले तरी पुरे. खाजगी पत्रे आणि वह्या मात्र ओळीला ओळ, मूळ स्पेलिंगसह, चुकांसकट उतरवा. आखडलेला शब्द पुरा केला तर भरलेली अक्षरे चौकटी कंसात घाला. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न घालता प्रश्नचिन्ह ठेवा.

यादीत आधी संपूर्ण दप्तराचे वर्णन, मग गठ्ठे, मग कागद. दप्तर कुणाकडून, कसे आले ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. शीर्षकात कारकुनाचे नाव देताना ‘लिहिणारा’, ‘सही करणारा’ आणि ‘मालक’ असे तीन वेगळे रकाने ठेवा; मूळ प्रश्नाचे उत्तर वाचणाऱ्याला तिथेच मिळाले पाहिजे.

छापायचे किंवा ऑनलाइन टाकायचे असेल तर हक्क तपासा. ब्रिटनमध्ये १९६९ पूर्वी वारलेल्या लेखकाचे, पण १९८९ च्या ऑगस्टपर्यंत अप्रकाशित राहिलेले लेखन साधारणपणे २०३९ अखेरपर्यंत हक्काखाली आहे; दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रालाही हा नियम लागू पडतो. शिवाय पत्राचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसाकडे असतो, कागद ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे नव्हे. संस्थेकडून लेखी परवानगी घ्या आणि तिच्यात संदर्भ क्रमांक जसाच्या तसा लिहून घ्या.